माळ्यावरच्या कुरडया

माझ्या माळ्यावर पत्र्याचा एक मोठा डबा आहे. तो माझा नाही. दरवर्षी चैत्र संपत आला की मी स्टुलावर चढून तो खाली काढते, झाकणावरची धूळ पुसते, आतल्या कुरडया जुन्या धोतरावर पसरते आणि त्यांना ऊन दाखवते. मग परत भरते आणि परत वर ठेवते. त्यातली एकही कुरडई आमच्या घरात कधी तळली गेली नाही. मुलगा लहान असताना एकदा हट्टाला पेटला होता, तेव्हा माझ्या सासूबाईंनी, माईंनी, त्याला बाजारातून वेगळ्या आणून तळून दिल्या. "त्या ताराकाकूंच्या आहेत. त्यांना हात लावायचा नाही," एवढंच त्यांनी त्याला सांगितलं. मुलाने ताराकाकूंना पाहिलेलं नव्हतं. तरी त्या कुरडया त्याने पुन्हा कधी मागितल्या नाहीत.

आता डोंबिवलीत वाळवणं कोण करतं? पाकिटं मिळतात, तीही चांगली मिळतात. गच्चीवर केबलच्या वायरी आणि टाक्यांचे पाइप यांच्यातून खाट टाकायला जागा उरलेली नाही. आणि तरी एखाद्या सकाळी, कुठल्या तरी हौशी घरातून, भिजून आंबलेल्या गव्हाचा तो आंबूस वास जिन्यात येतो आणि मी भाजी निवडता निवडता थांबते. लोकांना मोगऱ्याचे, हापूसचे वास आठवतात. माझ्या वाट्याला आंबलेला गहू आला आहे, त्याला मी काय करू?

मी कोकणातली. आमच्याकडे वाळवण म्हणजे फणसपोळी, आंबोशी, आमसुलं. गव्हाचा चीक काढून त्याच्या कुरडया घालतात हे मी लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. गावात जिकडे बघावं तिकडे खड्डे खणलेले असायचे. बैठ्या चाळी पडत होत्या, त्यांच्या जागी इमारती उठत होत्या, आणि आमचे हे मला संध्याकाळी फिरायला नेत ते बहुतेक असल्या खड्ड्यांच्या कडेकडेनेच. नव्या नवरीला दाखवायला डोंबिवलीत दुसरं होतं तरी काय.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची कौलारू चाळ दिसायची. तिच्यातले बाकीचे भाडेकरू मालकाशी काहीबाही ठरवून आधीच निघून गेले होते. राहिली होती फक्त टोकाची खोली, ताराकाकूंची. काका एका कारखान्यात कामाला, मुलगी शैला शाळेत, आणि काकू दिवसभर घरात. साताऱ्याकडच्या होत्या. उंचीला बेताच्या, अंगाने काटक, आणि आवाज असा की आमच्या खिडकीतून त्यांचं शैलाला रागावणं शब्दन् शब्द ऐकू यायचं. "दप्तर असं टाकत्यात का? घर हाय का धर्मशाळा?" हे मी रोज ऐकायचे आणि मला हसू यायचं.

चाळीला लागूनच नव्या इमारतीच्या पायाचा खड्डा खणला जात होता. त्या खड्ड्याने चाळीच्या पायाखालची माती ओढली आणि फाल्गुनातल्या एका भर दुपारी काकूंच्या खोलीची मागची भिंत बसली. नशीब एवढंच की काका कामावर होते, शैला शाळेत आणि काकू नळावर. कुणाला खरचटलंही नाही. सगळी इमारत खाली धावली. जो तो काकूंना धरून "जीव वाचला, देव पावला" म्हणत होता. काकू त्या ढिगाऱ्याकडे बघत उभ्या होत्या. पडली ती स्वयंपाकाच्या बाजूची भिंत होती. ओटा, स्टोव्ह, भांड्यांची फळी, सगळं तिच्याखाली गेलं होतं.

"आमटी उकळत होती," काकू म्हणाल्या. तेवढंच.

पुढची खोली उभी राहिली होती, पण तिच्यावरचं छप्पर कधी येईल याचा नेम नव्हता. मालक आला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "पावसाच्या आत भिंत उभी करून देतो." काका भले गृहस्थ. त्यांनी विश्वास ठेवला. माईंनी ठेवला नाही. त्या काकूंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघा, काही झालं तरी इथून हलायचं नाही. तुम्ही गावाला गेलात की खोली गेली. कुलूप तुमचंच राहू दे. पावसाच्या आत भिंत नाही झाली, तर आम्ही सगळे जाऊ त्याच्या दारात. तोवर आम्ही आहोत."

आम्ही आहोत. हे दोन शब्द त्या उन्हाळ्यात मी इतक्या तोंडून ऐकले, आणि सांगते, एकाही तोंडून खोटे ऐकले नाहीत.

शैलाला आमच्या घरी ठेवलं. माझ्या आणि धाकट्या नणंदेच्या मधे ती झोपायची. काका खालच्या साठेवहिनींच्या गॅलरीत. काकूंना वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मावशींकडे सोबत म्हणून. एक कुटुंब तीन मजल्यांवर वाटलं गेलं. सामानाचंही तसंच. देव्हारा साठेवहिनींकडे, ट्रंका आमच्याकडे, अंथरुणं मावशींकडे. कुणी एकाने सगळं घ्यावं एवढी जागा कुणाकडेच नव्हती. दोन खोल्यांत सहा माणसं राहणारी आम्ही मंडळी, आम्ही तरी काय करणार होतो?

आणि जेवणाचे वार लावले. ही कल्पना माईंची. माईंचे वडील लहानपणी पुण्याला वारावर जेवून शिकले होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात घरं. माईंच्या माहेरी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली जायची, की वार लावणं म्हणजे माणसाने माणसासाठी करायची सर्वांत मोठी गोष्ट, असं त्यांच्या मनात बसलं होतं. त्यांनी घरोघर जाऊन वार ठरवले. एकीने नाही म्हटलं नाही. सोमवार आमचा. मंगळवार साठेवहिनींचा. काका म्हणाले, "मी एक स्टोव्ह आणतो, हिला कुठं तरी कोपऱ्यात..." तर साठेवहिनींनी त्यांना बोलूच दिलं नाही. "अहो, एवढ्या दिवसांसाठी स्टोव्ह कशाला? भिंत झाली की घ्या नवा. आम्ही मेलोय का?"

मग काय, इमारतीत चढाओढच लागली. ज्या घरचा वार त्या घरी गोड. साठेवहिनी एरवी मुलांना साखर मोजून देणाऱ्या, त्यांनी पुरणपोळ्या केल्या. आमच्याकडे शिरा, भजी. काकू पाटावर बसायच्या आणि आम्ही वाढायचो. ताट उचलायला लागल्या की माई हाताला धरायच्या. "राहू दे हो. पाहुण्या ना तुम्ही." पोळी लाटायला पुढे झाल्या तर, "बसा, बसा. आयुष्यभर राबलात, चार दिवस आयतं खा."

काकू खायच्या. चांगलं झालंय म्हणायच्या. आणि दिवसागणिक त्यांचा आवाज बारीक होत गेला. शैला आमच्या घरात दप्तर कुठेही टाकायची आणि काकू ते गुपचूप उचलून भिंतीशी ठेवायच्या, रागवायच्या नाहीत. दुसऱ्याच्या घरात आपल्या पोरीला कसं रागवायचं? त्यांचं जेवण कमी होत चाललंय हे माईंच्याही लक्षात आलं होतं. त्यावर माईंनी उपाय काय केला, तर साजूक तूप जास्त वाढायला लागल्या.

मला हसावं की रडावं कळत नसे. वार होते ते शिकायला आलेल्या एकट्या मुलांसाठी. त्यांना चूल नव्हतीच. पण जिने वीस-बावीस वर्षं रोज दोन वेळा दोन माणसांच्या पुढ्यात ताट सरकवलं, तिला वारावर जेवायला बसवलं की तिचं काय होतं, हे कुठल्याच जुन्या गोष्टीत आलेलं नव्हतं. मला ते थोडंसं कळायचं, कारण मी नवी सून होते. चहा हवा असला तरी "ठेवू का?" विचारायचे. साखरेचा डबा कुठे आहे हे माहीत असून उघडायला हात जायचा नाही. पण मला ठाऊक होतं की आज ना उद्या हे स्वयंपाकघर माझं होणार आहे. काकू कशाच्या भरवशावर बसल्या होत्या? मालकाच्या छातीवरच्या हाताच्या.

संध्याकाळी मात्र काकू खाली उतरायच्या. हातात केरसुणी आणि रांगोळीची वाटी. कुलूप लावलेल्या त्या दारापुढची जमीन झाडायच्या, सडा टाकायच्या आणि उंबऱ्यासमोर छोटीशी रांगोळी काढायच्या. मागे भिंत नाही, आत खुशाल कुत्री शिरतात, आणि पुढे दाराला कुलूप आणि रांगोळी. काका कामावरून तिथेच यायचे. शैलाही जायची. तिघं त्या पायरीवर बसायची. मी खिडकीतून बघायचे. अंधार पडायला लागला की उठायची आणि तीन मजल्यांवर तिघं निघून जायची.

पापडाचं लाटणं झालं, सांडगे झाले. वाळवणं सुरू झाली तशी काकूंच्यात थोडी धुगधुगी आली, कारण त्या कामात त्यांच्या हाताला तोड नव्हती आणि माईंनाही ते कबूल करावं लागलं. गच्चीवर त्यांना कुणी "बसा" म्हणत नसे. तिथे त्या आम्हाला बसवत. मला शिकवायचा तर त्यांनी विडाच उचलला होता. "कोकणातल्या पोरीला काय, भात दिला की झालं," असं म्हणून माझा पापड उन्हात धरून बघायच्या. "हा बघ नकाशा. ह्यात तुझं रत्नागिरी कुठं आलं?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. त्या चिडवण्यासाठी मी मुद्दाम वाकडे पापड लाटायचे असं आता वाटतं, पण खरं सांगायचं तर ते तसेच व्हायचे.

प्रत्येक घराने आपल्या वाळवणातला वाटा काकूंना द्यायचा असं ठरलं होतं. काकू नको नको म्हणत होत्या, मग हळूच म्हणाल्या, "बरं. पावसात लागतील." साठवणीचं सगळं आयुष्य या दोन शब्दांवर चाललेलं असतं. पावसात लागतील म्हणजे पावसात घर असेल, घरात माळा असेल, माळ्यावर डबा असेल, आणि भर श्रावणात भाजीची टंचाई झाली की कुणीतरी स्टुलावर चढून तो काढेल. भिंत पडलेली बाई वाळवण घालते तेव्हा ती किती मोठी गोष्ट धरून चालते, हे तेव्हा आम्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मधेच एक दिवस माई आणि घरचे सगळे ठाण्याला खोपटला एका मुंजीला गेले. पापडांवर कावळे येतात म्हणून मी राखणीला राहिले. वार शुक्रवार होता. ज्यांचा वार त्या बाईही मुंजीला, म्हणून त्या दिवशी काकूंचं जेवण माझ्याकडे. सकाळी काकू आल्या, दारात उभ्या राहिल्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "काकू, मला आज अगदी कंटाळा आलाय. तुम्ही कराल का स्वयंपाक?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलते आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांनी पदर खोचला.

ज्वारीच्या भाकऱ्या, हरभऱ्याच्या डाळीची आमटी, कांदा. बस. घरभर तो फोडणीचा वास आणि भाकरी थापल्याचा आवाज. काकांची त्या दिवशी सुट्टी होती. काकूंनी जिन्यातून हाक मारली, "चला, पानं घेतली." तो आवाज. किती दिवसांनी तो आवाज पुन्हा आला होता. "शैले, हात धुतलेस का? धू आधी." मी म्हटलं, मी गच्चीवर कावळे बघते, तुम्ही बसा. आणि निघाले, पण जिन्यातच थांबले. आतून काका म्हणाले, "मीठ बरोबर झालंय." काकू म्हणाल्या, "रोजच असतं."

नंतर त्यांनी ओटा पुसला, तवा घासला, डबे होते तसे लावले. इतके नीट, की संध्याकाळी माईंनी आल्या आल्या ओळखलं. "हे डबे तू लावलेले नाहीत," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण माई तशाच मुंजीच्या साडीत, पाटावर बसल्या. म्हणाल्या, "जेवल्या का गं पोटभर?"

"हो."

"तिघं एकत्र?"

"हो."

माईंनी डोळ्यांना पदर लावला. "सोमवारी आपला वार आहे. त्यांनाच करू दे. मी सांगते सगळ्यांना. आपण शिधा देऊ, चूल देऊ. मला मेलीला आधी का सुचलं नाही?"

तसा सोमवार आलाच नाही.

गहू आधीच भिजत घातलेले होते आणि कुरडयांचा दिवस रविवारचा ठरला होता, पण रविवारी लग्नं निघाली म्हणून शनिवारीच घालायचं झालं. पुरुष कामावर. गच्चीवर पहाटेपासून गडबड. पाच घरांचा चीक एका मोठ्या पातेल्यात शिजवायचा होता, घरच्या स्टोव्हवर ते पातेलं मावेना, म्हणून विटांची चूल मांडली. विटा पोरांनी खालच्या ढिगाऱ्यातून आणल्या होत्या. कुणाच्याही मनात काही आलं नाही. काकूंनी एक वीट हातात घेऊन उलटीसुलटी बघितली. "आमच्याच घरच्या आहेत की. पक्क्या आहेत," म्हणाल्या आणि चूल नीट लावून घेतली.

पाण्याला आधण आलं, मीठ-हिंग पडला, साठेवहिनींनी चीक ओतायला घेतला. एक जण ओतते आणि एक जण ढवळते. एकदा ओतला की हात थांबवायचा नाही, थांबला की गुठळ्या होतात, बुडाला लागतो आणि सगळा जातो. काकूंनी दोन्ही हातांनी लाकडी दांडा धरला होता. अंगाला घाम, तोंडावर वाफ, आणि आमच्यावर हुकूम. "सोऱ्यांना तेल लावा. धोतरं ओली करा. अगं कोकण, बघत काय बसलीस?"

तेव्हा खालून कौलं फुटल्याचा आवाज आला.

साठेवहिनी कठड्याशी गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मीही गेले. चाळीपुढे माणसं आली होती. दोघं छपरावर चढून कौलं खाली टाकत होते. एक जण दाराच्या चौकटीला पहार लावत होता. पहार त्याने रांगोळीवरच टेकवली होती.

"काय गं?" काकूंनी मागून विचारलं. गच्ची उंच, कठडा बुटका. काकूंना बसल्या जागेवरून नाही, पण उभ्या राहून ढवळताना सगळं दिसत होतं. त्यांनी बघितलं.

माईंनी चप्पलसुद्धा न घालता जिना गाठला. साठेवहिनी त्यांच्या मागे. आम्हीही निघालो. मी वळून म्हटलं, "काकू, चला."

काकूंचा हात चालूच होता. "तुम्ही व्हा पुढं. चीक लागेल."

"लागू दे हो, काकू."

"पाच घरांचा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी कशाला जायचा?"

खाली माईंनी त्या माणसांना अडवलं, दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यांच्यातला मुकादम हात जोडूनच बोलत होता, त्याचाही राग धरवत नाही. "माई, दीवार बांधायची तर पहिलं सगळं उतरवायला लागतं ना. शेठ बोललेत. आम्ही काय करणार?" माई म्हणाल्या, कुलूप आहे, ताबा आहे. तो म्हणाला, कुलूप आहे ना, हे घ्या. कुलूप लागलेली अख्खी कडी त्याने निघालेल्या चौकटीतून काढून माईंच्या हातात दिली. कुलूप उघडलेलं नव्हतं. त्याच्या मागचं दार तेवढं नव्हतं.

आम्ही परत वर आलो तेव्हा काकू कुरडया घालत होत्या. एकट्या. चटके बसत असतील, चीक गरम असतानाच घालावा लागतो. सोऱ्या दाबत, फिरवत, एकसारखी गोल फुलं, ओळीने. एकही गुठळी नव्हती. इतक्या पांढऱ्या कुरडया त्या इमारतीत त्याआधी झाल्या नव्हत्या आणि नंतरही नाहीत. माई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. हातातलं कुलूप कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. काकूंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "तेवढं तेलाचं भांडं इकडं सरकवा माई."

संध्याकाळी पुरुष मंडळी मालकाच्या दारात गेली. तो गावाला गेला होता. पुन्हा गेली, तेव्हाही गावालाच होता. चाळीच्या जागेवर पत्रे लागले आणि काकांनी एक दिवस सांगितलं, दिवा गावात खोली बघितलीय. भाडं परवडतं. थांबा म्हणण्यासारखं आमच्याकडे काय होतं? आकाशात ढग यायला लागले होते आणि साठेवहिनींची गॅलरी उघडी होती.

निघायच्या दिवशी तीन मजल्यांवरून तीन घरांतलं सामान खाली आलं. ढीग बघून कळलं, किती थोडं होतं ते. एका घरात सहज मावलं असतं. माईंनी नवा स्टोव्ह आणून काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो वाकून, दोन्ही हातांनी घेतला, एखादं मूल घ्यावं तसा. कुरडयांच्या वाट्याचा डबा मात्र परत दिला. "तिकडं माळा नाही हो माई. वर पत्राच आहे, गळतोय म्हणे. तुमच्याकडं राहू दे. घर झालं की न्यायला येते."

"पावसात लागतील ना?" माई म्हणाल्या.

"लागतील तर," काकू म्हणाल्या, आणि टेम्पोत काकांच्या शेजारी बसल्या.

आम्ही दिव्याला गेलो होतो एकदा, माई आणि मी. स्टेशनपासून चिखल तुडवत. तिकडे पाण्याची बोंब, काकूंनी कुठून कुठून आणलेलं पाणी कळशीत झाकून ठेवलेलं. आम्हाला पाटावर बसवलं, वरण-भात वाढला, आणि माई ताट उचलायला लागल्या तेव्हा हाताला धरून म्हणाल्या, "राहू दे. पाहुण्या ना तुम्ही." दोघी हसल्या. खूप हसल्या. आमच्या हातांवर काकूंनी किती पाणी घातलं, ते माईंनी बघितलं होतं.

मग अकरा महिन्यांचे करार. दिव्यातच दुसरी खोली, मग तिसरी. काका तिथेच गेले. आम्हाला कळलं ते तेरावा होऊन गेल्यावर. मग शहाडच्या बाजूला कुठेतरी. शैला कल्याणला एका दुकानात लागली होती, ती कधीमधी भेटायची, म्हणायची, "आई बरी आहे. मी परवाच येणार होते, राहूनच गेलं बघ." जत्रेला, सणाला निरोप जायचे. आमच्या मागे नवी इमारत उभी राहिली, तिच्या गच्चीवरही वाळवणं पडायला लागली. ती माणसंही चांगलीच आहेत. काकूंची आमटी ज्या जागी उकळत होती तिथे आता त्यांचा जिना आहे.

माई एका मार्गशीर्षात वारल्या. नव्वदचं दशकही संपत आलं होतं. संध्याकाळी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आटोपून माणसं परत आली तेव्हा घर कसं सुन्न झालं होतं. आपल्यात अशा दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात आणतात, बळेबळे दोन घास खायला लावतात. साठेवहिनी आता थकल्या होत्या, त्यांच्या सुनेने आणतेच म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यात दारात काकू उभ्या.

केस पूर्ण पांढरे. अंगाने आणखी वाळलेल्या. हातात फडक्यात बांधलेलं पातेलं, फडक्याला वाफेचा ओलावा. साठेवहिनींच्या मुलाने शैलाला दुकानात जाऊन सांगितलं होतं म्हणे. त्या माईंच्या रिकाम्या कॉटपाशी क्षणभर उभ्या राहिल्या, मग पदर खोचला. "पानं घे," मला म्हणाल्या. "चला, बसा सगळे. जाणारं माणूस गेलं, उपाशी राहून परत येत नाही. मुलांना बोलव. हात धुतलेत का?"

आम्ही बसलो. त्या वाढत होत्या. कुणी त्यांना "तुम्ही बसा" म्हटलं नाही. पिठल्याचा घास तोंडात गेला आणि मला त्या शुक्रवारचा वास आला, आणि माईंसाठी इतका वेळ न आलेलं रडू तेव्हा आलं. आमचे हे मान खाली घालून जेवत होते. म्हणाले, "मीठ बरोबर झालंय, काकू." त्यांना त्या दिवसातलं काहीच ठाऊक नव्हतं. काकू एकदम भिंतीकडे वळल्या.

सगळं आवरल्यावर मी विचारलं, "शहाडहून एवढं गरम कसं आणलंत? खोली तिथेच आहे ना अजून?"

"नाही गं. ती मागच्या महिन्यात सोडायला लावली. शैला मैत्रिणीकडं आहे, मी इथंच कल्याणला एका बाईंकडं. बघतोय दुसरी."

"मग हे कुठे केलंत?"

"त्यांच्याच स्टोव्हवर." काकू पातेलं खरवडत होत्या. "जेवायला घालतात त्या, चांगल्या आहेत. पण चुलीला हात लावू देत नाहीत कुणाला. आणि मी कधी मागितली नाही. आजवर कुणाकडंच मागितली नाही मी, तुमच्याकडंसुद्धा. आज मागितली. म्हटलं, बाई, तासभर चूल द्या मला. आमच्या घरातलं माणूस गेलंय."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काकू, आता इथेच राहा. हे स्वयंपाकघर तुमचं. मनापासून म्हटलं. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझं आहे ते, कोकण," म्हणाल्या. "लई वर्षं वाट बघितलीस त्याची." मग उठून त्यांनी पातेलं घासलं, ओटा पुसला, आणि माळ्याकडे एकदा बघितलं.

"डबा काढू?" मी विचारलं.

"नको. अजून राहू दे."

त्यानंतर काकू आल्या नाहीत. शैलाने ते दुकान सोडलं, आणि कल्याणच्या त्या बाईंकडे आम्ही गेलो तोवर काकू तिथूनही गेल्या होत्या. कुठे, ते बाईंना सांगता आलं नाही. "स्वयंपाक छान करायच्या म्हणे," बाई म्हणाल्या. "आम्ही काही करू दिलं नाही त्यांना."

यंदाही मी डबा खाली काढला. कुरडया थोड्या पिवळ्या पडल्या आहेत, पण मोडलेली एकही नाही. दोन दिवस ऊन दाखवलं, कावळे राखले, पुन्हा ओळीने भरल्या. स्टुलावर चढताना आता गुडघे दुखतात. मुलगा खालून म्हणाला, "आई, कशासाठी ठेवतेस गं त्या अजून?"

मी डबा आत सरकवला. म्हटलं, "पावसात लागतील."